मराठी मुलानं कर्नाटक पोलिसात जावं का? बेळगाव जिल्ह्यात नोकरी केलेल्या एकाचं उत्तर

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. शाळा मराठीतून, पदवी बेळगावात, घरी भातशेती. पीएसआयची परीक्षा द्यावी असं त्याच्या मनात आहे. त्यानं तीन गोष्टी विचारल्यात: बेळगावसारख्या लहान शहरात पोलिसाची नोकरी आतून कशी असते, मराठी माणसाला खात्यात त्रास होतो का, आणि एवढी वर्षं काढल्यावर मला ही नोकरी करावी अशी वाटते का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. हो, करावी. पण चोर पकडायच्या हौसेनं येणार असशील तर कंटाळशील. मी कॉन्स्टेबल म्हणून लागलो, बढत्या घेत पीएसआय होऊन निवृत्त झालो. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, मधे काही वर्षं अथणीकडं. त्यामुळं मी सांगतो ते ठाण्याच्या बाकावरून दिसलेलं आहे. साहेबांच्या केबिनमधून वेगळं दिसत असेल.

लहान शहरात पोलिसाचं सगळं काम ओळखीवर चालतं. बंगळूरमध्ये माणसाला वर्दी दिसते. बेळगावात त्याला दिसतो अमक्या गल्लीतल्या तमक्याचा जावई, ज्याची बहीण कडोलीला दिलीय आणि ज्याचा मुलगा मुख्याध्यापकांच्या वर्गात होता. ही ओळख तुझ्याकडून काम करून घेते आणि तीच तुला अडकवते. बाकी सगळं याच धाग्यानं सांगतो.

आधी दिवसभराचं काम. सकाळी दहाला ठाण्याच्या बाकावर बसलेली माणसं बघ. एकाचा बांध शेजाऱ्यानं कोरलाय. एकीचा नवरा दारू पिऊन मारतो, पण तिला 'केस नको, नुसता दम द्या' असं हवंय. एकाचे हातउसने पैसे बुडालेत. एका म्हाताऱ्याला मुलगा घरात घेत नाही. दोन भाडेकरूंचं पाण्याच्या मोटरीवरून वाजलंय. यातल्या बऱ्याच गोष्टींत कायद्यानं पोलिसाच्या हातात फारसं काही नसतं. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि दिवाणी वादात पडायचंच नाही. तरी माणूस येतो ठाण्यातच. कोर्टात वकील लागतो, तहसीलदार कचेरीत तारीख मिळते, ठाणं मात्र रात्री दोनलाही उघडं असतं.

बांधाचंच घे. खानापूर आणि बेळगाव ग्रामीणच्या पट्ट्यात मारामारीचं मूळ खणत गेलं की बहुतेक वेळा बांध लागतो. पेरणीच्या तोंडाला आणि भातकापणीनंतर हे अर्ज वाढतात. दोघे भाऊ, वाटणी तोंडी झालेली, उताऱ्यावर नाव अजून वडिलांचं, हद्दीचा दगड नांगरताना कुणीतरी उपटलेला. नवीन पीएसआय इथं 'सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा' म्हणून हाकलतो, नाहीतर दोघांना दरडावून स्वतःच निवाडा देऊन मोकळा होतो. हाकलला तर आठ दिवसांत खोऱ्यानं कुणाचं तरी डोकं फुटतं आणि तोच माणूस स्ट्रेचरवर परत येतो. निवाडा दिला तर तक्रार पोलिसावर जाते, आणि ती रास्तच असते.

मधला रस्ता कंटाळवाणा आहे. मोजणीचा अर्ज करायला लावायचा, पैसे भरल्याची पावती आपण स्वतः बघायची, मोजणीदार येईल त्या दिवशी एक कॉन्स्टेबल शेतावर उभा करायचा, आणि तोवर दोघांकडून शांतता राखायचा बाँड घ्यायचा. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) ते कलम 107 होतं, 1 जुलै 2024 पासून नव्या बीएनएसएसमध्ये 126 झालं. तालुक्यात हा बाँड तहसीलदारापुढं होतो. बेळगाव शहरात 2014 साली पोलीस आयुक्तालय झालं तेव्हापासून तो अधिकार खात्यातल्याच वरिष्ठांकडं आहे. बाँडच्या कागदानं कुणी घाबरत नाही, पण तारखेला हेलपाटे घालून दोघेही दमतात, आणि दमलेला माणूस मोजणी मान्य करतो.

इथं ओळख कामाला येते. अर्जाच्या दिवशी कुणाला बरोबर घेऊन यायला सांगायचं, हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं. आपल्याकडं प्रत्येक गावात देवस्थानची पंच मंडळी असते. त्यात एखादा निवृत्त मास्तर किंवा फौजेतून आलेला सुभेदार असतो, ज्याच्यापुढं दोघेही आवाज चढवत नाहीत. त्याला बोलव, चहा दे आणि तू गप्प बस. पण तडजोडीच्या कागदावर ठाण्यात बसून सह्या घेऊ नकोस. ठाण्यात झालेली सही दबावाखाली झाली असं म्हणायला वकिलाला फार वेळ लागत नाही. काय लिहायचं ते त्यांनी देवळात बसून लिहावं.

आणि काही प्रकरणांत या पंचांना दारातही उभं करू नये. बाईवर हात टाकलाय, दलित माणसाला मारलंय, लहान मुलीचं काही आहे, अशा वेळी गाव 'मिटवून घेऊ' म्हणत चार मोटरसायकलींवरून येतं. त्यात तुझ्या ओळखीचेही दोघे असणार. अॅट्रॉसिटी आणि पोक्सो कायद्यात तडजोड नसते. तिथं गोड बोलत बसायचं नाही, आधी एफआयआर नोंदवायचा, मग ज्यांना चहा प्यायचाय त्यांनी प्यावा. माझ्या मते पीएसआयची पारख खुनाच्या तपासापेक्षा इथं जास्त होते.

आता भाषेचं, कारण तुला ती भीती असणार. दप्तर सगळं कन्नडमध्ये. फिर्याद द्यायला येणारा उचगावचा, येळ्ळूरचा किंवा कंग्राळीचा, त्याला कन्नड बाजारापुरतं. तो मराठीत सांगतो, रायटर कन्नडमध्ये लिहितो. यात ढिलाई झाली तर ती काही वर्षांनी कोर्टात बाहेर येते. साक्षीदार उभा राहतो, आरोपीचा वकील विचारतो, कन्नड वाचता येतं का? नाही. पोलिसांनी काय लिहिलं ते माहीत आहे का? नाही. खटला तिथंच लंगडा होतो. तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते (जुनी कलमं 161-162, आता 180-181), म्हणजे तो बोलला तेच कागदावर आलं हे सांगायला तपास अधिकाऱ्याशिवाय दुसरं कुणी उरत नाही.

म्हणून कुणी स्वतःच्या हातानं मराठीत फिर्याद लिहून आणली तर ती तशीच घे, मूळ कागद एफआयआरला जोड आणि कन्नड भाषांतर त्याच्या मागं लाव. जबाबाखाली 'मराठीतून वाचून सांगितले, बरोबर असल्याचे सांगितले' ही ओळ सगळेच लिहितात. तू ती लिहिण्याआधी खरोखर वाचून दाखव. निम्म्या वेळा माणूस मधेच थांबवतो आणि म्हणतो, 'साहेब, विळा नव्हता, कोयता होता.' पंचनाम्याला पंच निवडताना दोन्ही लिप्या वाचणारा माणूस शोध. निपाणी-चिकोडीकडं असे पुष्कळ मिळतात, खानापूरच्या घाटाकडच्या वाड्यांत शोधावे लागतात.

मराठी म्हणून त्रास होतो का? बढती भाषेवरून अडली असं मी बघितलेलं नाही, ती ज्येष्ठतेनं आणि खात्याच्या परीक्षेनं होते. चेष्टा होते. कुणी तुझ्या उच्चारांवरून हसतो, कुणी 1 नोव्हेंबर (कर्नाटक स्थापनेचा दिवस) जवळ आला की तुझ्यासमोर बोलणं आवरतं घेतो. उलट दक्षिणेकडून बदलून आलेला अधिकारी पहिल्या आठवड्यात शोधतो तो मराठी बोलणारा माणूस. गल्लीत जाऊन कुणाशी बोलायचं, मोर्चाच्या स्टेजवर काय बोललं जातंय, हे त्याला कोण सांगणार? त्यामुळं तुझ्यावर काम जास्त पडेल. रजा मागायला गेलास की हे पक्कं कळेल.

सीमाप्रश्न तू पेपरात वाचतोस. ठाण्याला सीमा रोज भेटते ती हद्दीच्या रूपात. वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की बाची संपतं, शिनोळी लागते आणि राज्य बदलतं. चंदगड तालुक्यातली माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावात येतात. सोयरिकीही तशाच. मग सून इकडं मरते आणि माहेर तिकडं असतं. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर इन्क्वेस्ट (प्रेताची चौकशी-पंचनामा) पोलिसांनी करायचा नसतो, तो तहसीलदार करतात. ते येईपर्यंत प्रेत हलवता येत नाही. तेवढ्या वेळात माहेरची तीस-चाळीस माणसं टेम्पोतून उतरतात, आणि सासरच्या दारात प्रेत जाळायची भाषा सुरू होते. अशा वेळी जमावाशी बोलू नये, मुलीच्या मामाशी बोलावं. बाप रडत असतो, भाऊ पेटलेला असतो, मामा मात्र ऐकतो. त्याला बाजूला घेऊन फिर्याद आजच कशी नोंदवली जाईल, पोस्टमॉर्टम कुठं होईल, नवरा आत्ता कुठं बसवलाय, एवढं सरळ सांगितलं की तो मागं जाऊन पोरांना गाडीत बसवतो. हे मला एका वयस्कर दफेदारानं शिकवलं, ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

नदीकाठची ठाणी वेगळी. दूधगंगा, वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून आपल्याकडं येतात, कृष्णा सांगलीकडून. पावसाळ्यात त्यांतून प्रेतंही येतात. ज्याच्या हद्दीत प्रेत सापडलं त्या ठाण्यानं अनैसर्गिक मृत्यूची नोंद करायची, यूडीआर म्हणतात तिला. हद्द चुकवायला प्रेत बांबूनं पलीकडं ढकललं अशी गोष्ट प्रत्येक नदीकाठच्या ठाण्यात सांगतात. मी ते कधी बघितलं नाही, पण गोष्ट सगळीकडं तीच, फक्त बंधारा बदलतो. ओळख पटवायला चेहरा उपयोगी पडत नाही, पाण्यानं तो राहत नाही. शर्टाच्या कॉलरमधलं टेलरचं लेबल बघायचं. गडहिंग्लज, कागल, इचलकरंजी, कुठल्या तरी टेलरचं नाव गावासकट मिळतं. मग गोंदण, ताईत, कडदोरा, चपलेचा छाप. पूर्वी ते वर्णन घेऊन कॉन्स्टेबल एसटीनं पलीकडच्या ठाण्यांत जायचा, आता दोन्हीकडच्या पोलिसांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. बेवारस प्रेत जाळत नाहीत, पुरतात. पुढं कुणी नातेवाईक आला तर बाहेर काढता यावं म्हणून.

गोव्याची दारू जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यानं येते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर अबकारी खातं आहे, आपणही आहोत, आणि दारूही आहे. पुढं जाऊ.

पळून गेलेल्या पोरी हा मात्र सीमेवरच्या ठाण्याचा मोठा विषय. मूल 18 वर्षांखालचं असेल तर 'हरवली' म्हणून साधी नोंद करून भागत नाही. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो अपहरणाचा गुन्हा धरूनच एफआयआर करावा लागतो. मोबाईलचं लोकेशन इचलकरंजी किंवा पुणे दाखवतं. मग पथक निघतं. त्यात महिला कॉन्स्टेबल हवी, पोचल्यावर आधी तिथल्या ठाण्याच्या डायरीत नोंद हवी, आणि परत आल्यावर मुलीला बालकल्याण समितीपुढं उभं करायला हवं. मुलगी 18 च्या वर असली की खेळ बदलतो. ती शांतपणे 'मी माझ्या मर्जीनं गेले' असं सांगते, बाप दारात डोकं आपटतो, आणि त्याच्या बाजूला तुझाच एखादा पाहुणा उभा असतो: 'अहो, तुम्ही आमचे ना? दोन दिवस नुसती घरी पाठवा, समजावतो.' पाठवायचं नाही. जबाब घ्यायचा, तिला जायचं तिथं जाऊ द्यायचं. त्या पाहुण्याच्या घरच्या लग्नाला मग तुला आमंत्रण येत नाही. हे या नोकरीत धरूनच चालायचं.

मिरवणुकांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बेळगावच्या पोलिसाचं वर्ष त्यांच्याभोवतीच फिरतं. झेंडा चौकात लोकमान्य टिळकांनी 1905 साली सार्वजनिक गणपती सुरू केला, तेव्हापासून इथली विसर्जन मिरवणूक हे एक प्रकरणच आहे. हुतात्मा चौकाकडून निघते, रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक, शनी मंदिर करत कपिलेश्वर तलावाला पोचते. शेवटची मूर्ती पाण्यात जाईपर्यंत दुसरा दिवस वर आलेला असतो. शिवजयंती आपण वैशाखात तिथीनं करतो. त्यानंतरची चित्ररथ मिरवणूकही रात्रभर चालते. कर्नाटकातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरातून आलेल्या अधिकाऱ्याला चित्ररथ म्हणजे काय हे समजवायलाच एक बैठक लागते.

लोकांना वाटतं मिरवणुकीत भीती दोन धर्मांच्या भांडणाची. ती असते, काही ठराविक चौकांपुरती आणि ठराविक मिनिटांपुरती. पण बहुतेक मारामाऱ्या मंडळा-मंडळांतच होतात, आणि त्या खोळंब्यातून होतात. पुढचं मंडळ चौकात थांबून लेझीम खेळत बसलं, कारण तिथं व्यासपीठ आहे, पाहुणे आहेत, कॅमेरे आहेत. मागच्याच्या पोरांनी दुपारपासून काही खाल्लेलं नसतं, काहींनी भलतंच घेतलेलं असतं. मधल्या फटीत कुणाचा तरी धक्का लागतो. त्यात विजेच्या तारा. मूर्तीची उंची सांगितली जाते एक आणि असते दुसरी. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) माणूस बांबूनं तार वर धरून उभा, आणि खाली शंभर पोरं ओरडतायत.

म्हणून खरा बंदोबस्त महिनाभर आधी होतो. मार्गावरून चालत जायचं. मी प्रत्येक वर्षी हेस्कॉमचा आणि महापालिकेचा माणूस बरोबर घेऊन चालत जायचो, तारा, खड्डे, झाडाच्या फांद्या लिहून. प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाचा नंबर सगळ्यांकडं असतो. अध्यक्षाचा उपयोग नाही, तो व्यासपीठावर असतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा आणि साऊंडवाल्याचा नंबर हवा. मिरवणूक हलवायची असेल तर ट्रॅक्टर हलला पाहिजे, आणि आवाज बंद करायचा असेल तर जनरेटरचं बटण कुणाच्या हाताशी आहे ते माहीत पाहिजे. साऊंडवाला बाहेरगावचा असतो, त्याला आपल्या साहित्याची काळजी असते. 'जप्त केलं तर कोर्टातून सोडवायला महिना लागेल' एवढं त्याच्या कानात सांगितलं की अध्यक्षापेक्षा लवकर ऐकतो.

शांतता समितीच्या बैठकांना नावं ठेवायची पद्धत आहे. चहा-बिस्किटं आणि भाषणं, हे खरंच आहे. पण त्या बैठकीमुळं दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांचे नंबर ठेवून असतात. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. बेळगावातल्या मुस्लिम मंडळींनी आपला जुलूस पुढं ढकलला. मी तेव्हा निवृत्त होतो, घरी बसून वाचलं. असे निर्णय एका बैठकीत होत नसतात. त्याच्या मागं दहा-पंधरा वर्षांचं येणं-जाणं असतं, एकमेकांच्या मयतीला गेलेलं असतं. पोलिसाचं काम एवढंच की हे येणं-जाणं आपल्या एखाद्या उद्धट शब्दानं तुटू नये.

1 नोव्हेंबरविषयी तू विचारलं नाहीस, पण तुला विचारायचं होतं हे दिसतंय. त्या दिवशी एकीकडं राज्योत्सव, राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळा समुद्र. दुसरीकडं महाराष्ट्र एकीकरण समितीची काळ्या दिनाची सायकल फेरी, संभाजी उद्यानापासून निघून मराठा मंदिराकडं. खात्याचं गणित सोपं असतं: दोन्हींची तोंडं एकमेकांसमोर येऊ द्यायची नाहीत. रस्ते, वेळा, बॅरिकेड सगळं त्यासाठी. मच्छेहून केएसआरपीच्या (राज्य राखीव पोलिसांच्या) तुकड्या येतात, बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं येतात. त्यांना कांदा मार्केट आणि भाजी मार्केट यांतला फरक माहीत नसतो, म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर एक स्थानिक कॉन्स्टेबल द्यावा लागतो.

तू खाकीत बॅरिकेडला उभा असणार आणि तुझा चुलतभाऊ काळी फीत बांधून सायकलवर समोरून जाणार. माझ्या बाबतीत असं होत आलं. आमच्यात न बोलता ठरलेलं होतं, तो मला हाक मारायचा नाही, मी त्याला ओळख द्यायचो नाही, आणि दिवाळीच्या फराळाला त्यावर चर्चा व्हायची नाही. माझं स्वतःचं मत होतं, आहे. ते मी नोकरीत असताना कुठंही लिहिलं नाही, बोललो नाही, व्हॉट्सअॅपवर पुढं पाठवलं नाही. तुला हे जमणार नसेल तर आत्ताच विचार कर. इथं हे हलक्यानं घ्यायचं नाही. 17 जानेवारीला हुतात्मा चौकात आणि 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाजवळ उभं राहून बघ. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला. त्याआधी 1981 साली शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात निपाणीला झाला होता. आमच्या काळात त्या बंदोबस्ताला असलेले जुने लोक खात्यात होते. ते त्याविषयी फार बोलत नसत, पण जमाव बिथरला की बंदूकवाल्याला मागं उभा करून स्वतः पुढं जायचे. मी तेच करत आलो. मोर्च्याच्या पुढच्या रांगेत चार माणसं तरी नावानं ओळखीची असली की काठीवर वेळ येत नाही. 'अण्णा, पंधरा मिनिटं घोषणा द्या, निवेदन घ्यायला साहेबांना इथंच आणतो' यावर मी किती मोर्चे परत पाठवले असतील.

कर्नाटक विधिमंडळाच्या डिसेंबरमधल्या अधिवेशनाचं थोडक्यात. 2012 साली हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उघडलं, तेव्हापासून हिवाळ्यात ते दिवस सगळ्या जिल्ह्याची ठाणी ओस पडतात. सगळे बस्तवाड-कोंडसकोप्पच्या आंदोलनाच्या मांडवांपाशी. थंडी, धूळ आणि जेवणाचं पाकीट. घरफोड्या करणाऱ्यांनाही अधिवेशनाच्या तारखा पाठ असतात.

आता ओळखीची दुसरी बाजू. मटका घे. कर्नाटक पोलीस कायदा 1963, कलम 78(3). चिठ्ठी लिहिणारा पानपट्टीवरचा पोरगा धरायचा, कोर्टात दंड भरून तो संध्याकाळी परत टपरीवर. बुकी कुठं बसतो हे गल्लीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. पण त्या बुकीनं मंडळाच्या मांडवाला वर्गणी दिलेली असते, एखाद्या नगरसेवकाच्या गाडीत तो फिरत असतो, आणि तुझ्या बहिणीच्या लग्नात त्यानं रांगोळीवाल्यांपासून केटररपर्यंत सगळं 'बघून घेतलेलं' असतं. तुला नंतर कळतं. म्हणून सांगतो, बहिणीच्या लग्नाचं मंगल कार्यालय स्वतः पैसे भरून बुक कर आणि पावती जपून ठेव. लाच म्हणून कुणी पाकीट पुढं करत नाही इथं. ते उपकार म्हणून येतं, ओळखीतून येतं आणि नको म्हणणं उद्धटपणाचं वाटतं.

शिफारशीचे फोन येतात. त्यांना भ्यायचं नाही, आणि पेपरवाल्यांना सांगायचंही नाही. फोनवर 'बघतो साहेब' म्हणायचं आणि स्टेशन डायरीत जे घडलं ते वेळेसकट लिहून टाकायचं. एकदा डायरीत आणि एफआयआरमध्ये गेलेलं कुणाच्या बापाला पुसता येत नाही. आता तर सगळं संगणकावर असतं. पुढाऱ्यांनाही हे कळतं. निम्मे फोन केवळ समोर बसलेल्या कार्यकर्त्याला ऐकवायला केलेले असतात.

घरचं सांगायचं तर सुट्टी हा शब्द विसर. गौरी-गणपती, दिवाळी, यल्लम्मा डोंगराची यात्रा, निवडणुका, तू घरात नसणार. 2019 च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढलं तेव्हा ट्रकांच्या रांगा लागल्या. त्यांच्या ड्रायव्हरांना भाकरी पोचवत आम्ही कितीतरी दिवस चिखलात होतो, आणि नदीकाठच्या पोलिसांची स्वतःची घरं पाण्यात होती. पगार बरा आहे, निवृत्ती 60 ला, पोलिसांसाठीच्या 'आरोग्य भाग्य' योजनेमुळं दवाखान्याचा खर्च निघतो. गुडघे मात्र नोकरीतच जातात, उभं राहून.

परीक्षेचं एवढंच. पुरुषांना उंची 168 सेंटिमीटर लागते, 1600 मीटर धावावं लागतं. ते खेड्यातल्या पोराला जमतं. अडतं ते पहिल्या पेपरात. निबंध, सारांश आणि कन्नड-इंग्रजी भाषांतर लिहावं लागतं, आणि मराठी शाळेतली पोरं कन्नड बोलतात फाडफाड, पण लिहिताना जोडाक्षरांत (कन्नडमध्ये ओत्तक्षरं) घसरतात. रोज एक कन्नड बातमी हातानं उतरवून काढ, टाईप नको. 2021 ची 545 जागांची परीक्षा गैरव्यवहारामुळं रद्द झाली आणि फेरपरीक्षा थेट 2024 मध्ये झाली. कित्येक पोरांची वयं त्यात गेली. त्यामुळं नुसत्या पीएसआयवर थांबू नकोस. कॉन्स्टेबलचाही अर्ज भर, लागलास तर नोकरीत राहून पुढची परीक्षा देता येते.

निवड झाली आणि पहिली नेमणूक रायचूर-कलबुर्गीकडं मिळाली तर घरच्यांकरवी कुठल्या आमदाराचं पत्र आणू नकोस. जा. तिथं तुला कुणी ओळखत नाही, कुणाचा पाहुणा बाकावर बसलेला नाही, आणि दप्तर कन्नडमधून हाताखालून जातं. दोन-तीन वर्षांत फाईल कशी बांधायची, बी रिपोर्ट (तक्रार खोटी किंवा पुरावा नाही म्हणून केस बंद) कधी घालायचा, सी रिपोर्ट (आरोपीचा तपासच लागला नाही म्हणून) कधी, हे सगळं तिथं शिकून घे. मग बेळगावला बदली माग.